मम्मीचा ठिपका

मम्मीचा फोन रस्त्यात दुसऱ्यांदा बंद पडला, त्या संध्याकाळी माझ्या भावानं मला सरळ सांगून टाकलं, "पुन्हा असं झालं तर मी तिचं तिकीट काढतो. वन वे." तिकीट मुंबईचं, आणि तिथून वसईला, मावशीकडे कायमचं. तो मुसफ्फातलं फॅब्रिकेशन यार्ड तसंच टाकून अबुधाबीहून दुबईला माझ्या घरी धावत आला होता. शर्टावर यार्डातली धूळ तशीच होती. मम्मी आतल्या खोलीत कपडे बदलत होती. तिला ऐकू जाऊ नये म्हणून तो दबक्या आवाजात बोलत होता, आणि त्या दबक्या आवाजाचाच मला जास्त राग आला.

त्याचं चुकत होतं असंही नाही. मम्मी मेट्रो स्टेशनवरच्या बाकावर बसून राहिली होती, हातात बंद पडलेला फोन, आणि कुठल्या बाजूची गाडी धरायची ते तिला आठवत नव्हतं. शेवटी एका नेपाळी गार्डनं तिच्या पर्समधून माझ्या ऑफिसचं कार्ड शोधलं आणि मला फोन केला. मी पोचले तेव्हा ती त्याला वसईची केळी इथल्या केळ्यांपेक्षा किती गोड असतात ते सांगत होती आणि तो बिचारा मान डोलावत होता. मला बघून म्हणाली, "आलीस? मी याला म्हटलंच होतं, माझी मुलगी येईल." गाडीत बसल्यावर मात्र तिनं घर येईपर्यंत पर्स छातीशी घट्ट धरून ठेवली होती. ते मी भावाला सांगितलं नाही.

आम्ही दोघं भावंडं उम्म अल कुवैनमध्ये वाढलो. पप्पा तिथल्या इंडस्ट्रियल एरियात नोकरीला होते, मम्मी एका हॉटेलच्या लाँड्रीत सुपरवायझर होती. पप्पा गेल्यावर ती माझ्याकडे, दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये राहायला आली. मी लग्न केलेलं नाही, त्यामुळे आम्ही दोघीच. दर शनिवारी ती एकटी चर्चला जायची. आमच्या टॉवरखालून बस, मग मेट्रो, मध्ये एकदा गाडी बदलायची, मग थोडं चालणं. महिन्यातून एकदा तिथं मराठीतून उपासना, मराठी मिस्सा, असायची, त्या दिवशी साडी नेसायची आणि बसच्या वेळेच्या कितीतरी आधी दारात तयार उभी राहायची.

मग विसरणं सुरू झालं. गॅस बंद केला का, चावी कुठे ठेवली, इथपासून. मेमरी क्लिनिकमधल्या डॉक्टरबाई मला म्हणाल्या की आता नवीन गोष्टी तिला जड जातील, पण जुने रस्ते टिकतील, आणि ते ती स्वतः चालत राहील तोवरच टिकतील. सोबतीला कुणी असलं की तिचं रस्त्याकडे लक्ष राहत नाही, हे मी स्वतःच पाहिलं होतं. एकदा मी बरोबर गेले तर ती नुसती माझ्या मागून आली, आणि परतताना फणकाऱ्यानं म्हणाली, "मी काय शाळेत चाललेय, हात धरून न्यायला?" तेव्हाच मी ठरवलं, की जोवर ती जाऊ शकते तोवर ती एकटी जाणार, मग भाऊ काही म्हणो.

भावाची अट एकच होती: ती बाहेर असेल तोवर फोन चालू राहिला पाहिजे. आणि तिचा फोन चर्चमधून बाहेर पडेपर्यंत मान टाकायचा.

तुम्ही म्हणाल, नवा फोन घ्या. घेतला होता. मोठी बॅटरी, मोठी स्क्रीन. मम्मी त्याच्याकडे परक्या माणसाकडे बघावं तशी बघत बसली. जुन्या फोनवर तिचा अंगठा न बघता माझ्या फोटोवर जायचा, नव्यावर जाईना. दोन आठवडे झगडून मी हात टेकले आणि जुना परत दिला. मग पॉवर बँक आणली. "केवढ्याला?" तिनं विचारलं. नव्वद दिरहम म्हटल्यावर मनातल्या मनात नाही, मोठ्यानं हिशेब केला, "दोन हजाराच्या वर! या विटेला?" पहिल्याच शनिवारी तिनं ती चर्चमध्ये एका फिलिपिनो मुलीला देऊन टाकली, तिचा फोन संपला होता म्हणून. परत मागायची कशी, असं वर मलाच विचारलं.

म्हणजे फोन तोच, बॅटरी तेवढीच. तिच्यातच दिवस काढायचा होता.

माझं काम ट्रकचं आहे. मी ट्रक चालवत नाही. ट्रक कुठे आहे ते मालकाला स्क्रीनवर दाखवणारं सॉफ्टवेअर आमची छोटी कंपनी बनवते. ट्रकमधलं यंत्र दर काही सेकंदांनी आपला ठावठिकाणा पाठवत असतं. ट्रकची बॅटरी एवढी मोठी, की वीज किती जाते हे आम्ही कधी बघितलंच नव्हतं. मम्मीच्या फोनवर आम्ही सगळ्यांनी मिळून बाजारातलं एक लोकेशन दाखवणारं अ‍ॅप टाकलं होतं, आणि ती चालली की नकाशावर तिचा निळा ठिपका हलायचा. मला वाटायचं बॅटरी म्हातारी झाली असेल. म्हणून बॅटरी बदलून आणली. तरी तेच.

आमच्या ऑफिसात एक इजिप्शियन इंजिनियर आहे. तो आधी टेलिकॉममध्ये होता, त्यामुळे रेडिओ म्हटलं की त्याला स्फुरण चढतं. त्याला मी जेवणाच्या वेळी मम्मीच्या फोनचं सांगितलं. तो म्हणाला, "हबीबती, आधी ट्रक विसर, खलास." मग त्यानं पेपर नॅपकिनवर विजेच्या वापराचे चढउतार काढून मला समजावलं. फोनमधला मोबाईलच्या टॉवरशी बोलणारा भाग एक ओळ पाठवून लगेच झोपत नाही. अजून काही जायचं असेल, तिकडून काही यायचं असेल, म्हणून तो काही सेकंद टक्क जागा राहतो, आणि हे जागं राहणंच महागात पडतं. पाठवायला चिमूटभर वीज लागते, वाट बघण्यात मूठभर जाते. त्यात सिग्नल कमी असला की फोनला ओरडून बोलावं लागतं, ते आणखी वेगळं.

मला वसईचे आमचे पाहुणे आठवले. "चला, निघते" म्हणून उठायचं आणि दारात उभं राहून अर्धा तास बोलायचं; घरची बाई हातात रिकामी बशी घेऊन तशीच उभी. असे पाहुणे दर मिनिटाला यायला लागले तर तिनं टेकायचं कधी? मम्मीचा फोन दिवसभर दारात उभा होता. पण त्याला एवढं दारात बोलावत कोण होतं, ते मला अजून कळलं नव्हतं.

ते कळलं एका रविवारी दुपारी. मम्मी झोपली होती, फोन जेवणाच्या टेबलावर पडला होता. भांडी आवरताना माझा हात त्याला लागला तर तो गरम. कुणी वापरत नाही, कुणाचा कॉल नाही, आणि फोन तापलेला. तेवढ्यात माझ्या फोनवर वसईहून मावशीचा मेसेज आला, "अजून झोपलीय वाटतं? मघापासून ठिपका हलला नाही."

मावशी मम्मीची धाकटी बहीण. मी तिला लिहिलं, मघापासून म्हणजे? ती म्हणाली, सकाळपासून उघडाच ठेवलाय की. स्वयंपाक करताना ती फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवायची, स्क्रीन काळी पडली की ओल्या बोटानं पुन्हा उघडायची. मग मी भावाला विचारलं. तो म्हणाला, "ऑफ कोर्स बघतो, सेकंड स्क्रीनवर असतोच." टोरांटोच्या मावसबहिणीनं कळवलं की तिची सकाळ आंटीचा ठिपका बघूनच होते. आणि माझं काय सांगावं, मी तर पगारच ठिपक्यांचा घेते. ते अ‍ॅप असं होतं की आमच्यापैकी कुणीही ते उघडलं की ते मम्मीच्या फोनला उठवून विचारायचं, आत्ता कुठे आहेस? फोन धडपडत उठायचा, सांगायचा, आणि दारात उभा राहायचा. तो टेकतोय तोवर दुसऱ्या देशातून दुसरं कुणी विचारायचं. फोन बंद पडला की आम्ही जास्त घाबरायचो, आणि पुढच्या शनिवारी जास्त वेळा बघायचो.

मला हसू आलं आणि मग संताप आला. एवढी चार शहाणी माणसं, आणि एकानंही तिला साधा फोन करून "काय करतेस" विचारलं नव्हतं.

त्या संध्याकाळी सगळ्यांना ग्रुप कॉलवर बोलावलं. नेहमीच्या मेसेजच्या अ‍ॅपवर इथून मेसेज जातात पण कॉल लागत नाही, हे इथं राहणाऱ्या प्रत्येकाच्या अंगवळणी पडलेलं असतं. त्यामुळे इथं चालणारं दुसरं, पैसे भरून मिळणारं अ‍ॅप मी सगळ्यांना आधी घ्यायला लावलं. मम्मी शेजारी बसून शेंगा सोलत होती.

"आजपासून ठिपका बंद," मी म्हटलं. "ते अ‍ॅप मी काढून टाकतेय. दुसरं मी स्वतः लिहिणार."

"आर यू मॅड?" भाऊ म्हणाला. "मग कळणार कसं ती कुठंय?"

"फोन स्वतः सांगेल. ती चालत असेल तर मधलं सगळं गोळा करून पंधरा मिनिटांनी एकदाच. बसलेली असेल तर काहीच नाही. नेहमीचा रस्ता सोडला तर मात्र ताबडतोब. आणि तुम्ही विचारलंत तरी फोन उत्तर देणार नाही."

"पंधरा मिनिटं? अगं, पंधरा मिनिटांत माणूस शारजाला पोचतो!"

"शनिवारच्या ट्रॅफिकमध्ये? इन्शाल्ला."

टोरांटोवाली हसली. मावशी हसली नाही. ती म्हणाली, "म्हणजे मला ती दिसणारच नाही आता?"

"मावशी, तसंही तो ठिपकाच आहे."

"तुला ठिपका असेल. मला कॉल लागत नाही गं तिचा. काय करू? तो हलला की वाटतं, चाललीय माझी बहीण, मिस्साला चाललीय. मी भाजी चिरते, ती तिकडे चालते. तेवढीच सोबत."

मावशीचा नवरा गेल्यापासून ती त्या घरात एकटी आहे, हे मला माहीत नव्हतं असं नाही. तरी मी नाही म्हटलं ते म्हटलंच. ती सोबत मम्मीच्या पायांची किंमत देऊन चालली होती, हे मी तिला तसंच, तोंडावर सांगितलं. ती रडली. मग मम्मीनं शेंगांचं ताट बाजूला ठेवलं, फोन माझ्या हातातून घेतला आणि बहिणीला म्हणाली, "रडतेस काय? आता लागलाय ना कॉल? बोल की." दोघी तासभर बोलल्या. शेंगा मी सोलल्या. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी घरच्या वायफायवर त्यांचा कॉल ठरला, आणि मावशी ठिपक्याचं नाव काढेनाशी झाली.

भाऊ मात्र बधला नाही. "थिअरी मला नको सांगू," म्हणाला. "एक पूर्ण दिवस दाखव. मी समोर बसून बघणार." त्यानं पुढच्या मराठी मिस्सेपर्यंतची मुदत दिली आणि तिकिटाचं पान आपल्या फोनमध्ये उघडं ठेवलं. मुदतीत मम्मीला एकटीनं कुठंही पाठवायचं नाही. पुढचे शनिवार मम्मी घरात येरझारा घालत राहिली आणि दर वेळी विचारत राहिली, "आज मिस्सा नाही का?" मला ते ऐकवत नव्हतं. मी पदर खोचला.

लिहायला फार वेळ लागला नाही. चालवून बघायला लागला. शनिवारी सकाळी मी माझा फोन मम्मीकडे ठेवायचे, तिचा माझ्या पर्समध्ये टाकायचे आणि तिच्या रस्त्यानं निघायचे: बस, मेट्रो, गाडी बदल, चर्च, आणि परत. उन्हाळा ऐन भरात होता. बसस्टॉपच्या एसी खोलीत सुद्धा घाम निघायचा. मम्मी विचारायची, "माझा फोन घेऊन कुठं भटकतेस?"

"त्याला जरा फिरवून आणते."

"मला सोडून त्याला फिरवतेस?" ती म्हणायची, आणि मी चपला घालून बाहेर पडायचे.

पहिल्या खेपेला फोन दिवसभर टिकला आणि मी खूश होऊन घरी आले, तर नकाशावर मी अजून बसस्टॉपवरच उभी. फोनच्या स्वतःच्या बॅटरी वाचवायच्या कारभारानं माझं अ‍ॅपच झोपवून टाकलं होतं. ते झोपलं ते उठलंच नाही. बॅटरी अर्थातच मस्त वाचली होती. सेटिंगमध्ये खोल जाऊन फोनला बजावावं लागलं, की या अ‍ॅपला हात लावायचा नाही. दुसऱ्या खेपेला गाडी बदलायच्या स्टेशनात घोटाळा झाला. ते जमिनीखाली आहे, तिथं सिग्नल येतो-जातो, आणि माझं अ‍ॅप निरोप गेला नाही म्हणून पुन्हा पुन्हा पाठवत सुटलं. ओरडून ओरडून फोननं निम्मी बॅटरी तिथंच घालवली. मग त्याला सांगितलं, की आवाज पोचत नसेल तर गप्प बस, निरोप खिशात ठेव, वर आलास की सगळं एकदम दे. इजिप्शियन मित्राला हे दाखवलं तर तो म्हणाला, "यल्ला, आता तू ट्रकवाली राहिली नाहीस."

आणि व्हिडिओ! मम्मीच्या फोनवर दहा ग्रुप होते. फुलं, मेणबत्त्या, शुभ सकाळ, कुणाच्या तरी नातवाचा नाच, अख्खीच्या अख्खी रोझरीची जपमाळ. हे सगळं बसमध्ये, मेट्रोत, मोबाईल डेटावर आपोआप उतरत होतं. मी ग्रुप काढायला गेले तर मम्मीनं माझ्या हातावर चापट मारली. मग तडजोड झाली: हे सगळं फक्त घरच्या वायफायवर येणार. ती म्हणाली, "चालेल. चर्चमध्ये मेणबत्त्या असतातच."

तिला काहीच न सांगता मी हे करत होते असं नाही. एके सकाळी चहा पिताना तिनं विचारलंच, "तू माझ्यावर पाळत ठेवणार का?"

"हो," मी म्हटलं.

तिनं एक बिस्किट चहात बुडवून संपवलं. मला वाटलं चिडली. मग म्हणाली, "ठेव. मला घरी परत यायचं असतं, म्हणून ठेव. पण मिस्सा चालू असताना नाही. तेव्हा देव बघतो, तुम्ही मध्ये यायचं नाही."

मी तिला सांगितलं की बसलेली असेल तेव्हा फोन तसाही काही बोलणार नाही. तिला ते पटलं. मला मात्र हे पटवून घ्यायला वेळ लागत होता. वीज वाचवायची तर तेवढा वेळ तिच्याबद्दल काही कळणार नाही, आणि ते न कळणं आपणहून पत्करायचं. एखादा आकडा बदलला की झालं, दहाचे पंधरा, इतकं ते स्क्रीनवर सोपं होतं. बोट त्या आकड्यावर ठेवून मी बसून राहायचे.

शेवटी मराठी मिस्सेचा शनिवार आला. भाऊ सकाळीच अबुधाबीहून आला आणि सोफ्यावर गुडघे हलवत बसला. मम्मीनं साडी नेसली होती, केसात क्लिप लावली होती. मी पूर्ण चार्ज केलेला फोन तिच्या पर्समध्ये टाकला आणि म्हटलं, "काही वाटलं तर माझ्या फोटोवर दाब."

"आणि काही नाही वाटलं तर?"

"तर परत ये."

ती गेली. दार लागलं, लिफ्टचा आवाज आला, आणि घर एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं. पंधरा मिनिटांनी पहिला निरोप आला: बसस्टॉप, मग बसचा रस्ता, सगळे ठिपके एका रेषेत. मग मेट्रो. मग काहीच नाही.

"कुठंय?" भाऊ म्हणाला.

"भुयारात."

"तुला कसं माहीत?"

"कारण मी तिथून इतक्यांदा गेलेय की डोळे मिटून सांगेन."

त्याचे गुडघे आणखी जोरात हलायला लागले. बऱ्याच वेळानं माझा फोन वाजला, आणि एकदम ठिपक्यांची माळ आली: स्टेशन, रस्ता, चर्चचं फाटक. बॅटरी जवळजवळ भरलेली. भाऊ पुढं वाकून तो आकडा बघत राहिला. मग मिस्सा सुरू झाली असणार, कारण फोन गप्प झाला. मी चहा केला. तो त्यानं प्यायला नाही. आम्ही दोघं असे इतका वेळ एका खोलीत गेल्या कित्येक वर्षांत बसलो नव्हतो. तो म्हणाला, "मला यार्डात काम सुचत नाही गं. ती तिथं बाकावर बसलीय, असंच दिसत राहतं." त्याला फक्त तिकीट काढायची घाई आहे, असं मी धरून चालले होते. तसं नव्हतं, हे त्या दिवशी कळलं, आणि मला त्याच्याबद्दल फार वाईट वाटलं.

परतीचा पहिला निरोप आला. चर्च ते स्टेशन, बरोबर. मग भुयाराची शांतता. मी घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवून खिडकीपाशी गेले.

आणि माझा फोन वेगळ्या आवाजात वाजला. तो आवाज मी फक्त एका गोष्टीसाठी ठेवला होता. मम्मी रस्ता सोडून चालली होती. गाडी बदलायच्या स्टेशनात ती दुसऱ्या फलाटावर न जाता बाहेर पडली होती, आणि तिला कधीच जायचं नसलेल्या एका रस्त्यावर तिचा ठिपका दिसत होता.

भाऊ केव्हाच चाव्या घेऊन दाराशी पोचला. आम्ही लिफ्टनं खाली आलो, गाडीत बसलो, तोवर त्यानं तिचा नंबर लावायला फोन काढला. मी त्याचा हात धरला.

"थांब. तिला करू दे."

"आर यू सीरियस? ती हरवलीय!"

"तिला माहीत आहे की ती हरवलीय. तिच्याकडे चालू फोन आहे. गाडी चालव, आणि तिला करू दे."

तो मला काहीतरी वाईट बोलला. इथं लिहिण्यासारखं नाही. पण गाडी त्यानं काढली. रॅम्पवरून मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत मी ओठ चावत होते. तिला फोटो आठवला नाही तर? अंगठा चुकला तर? माझा हट्ट तिच्या जिवावर उठला तर मी स्वतःला माफ करणार नव्हते. तरी मी फोन मांडीवर तसाच ठेवला आणि लावला नाही.

सिग्नलला गाडी थांबली आणि फोन वाजला. स्क्रीनवर मम्मी.

मी स्पीकर लावला.

"अगं, ऐक," ती म्हणाली. मागून गाड्यांचा आवाज येत होता. "मी हरवलेय."

"बरं. कुठं आहेस?"

"ते माहीत असतं तर हरवले असते का? एक कॅफेटेरिया आहे. बाहेर लाल खुर्च्या. त्यातल्या एकीवर बसलेय. पोरानं पाणी दिलं, करक चहा सांगितलाय."

"मम्मी, तिथंच थांब," भाऊ ओरडला. "हलू नको. आम्ही निघालोय."

"तूपण आहेस? मग एवढं ओरडतोस कशाला, ऐकू येतंय मला." मग तिचा आवाज जरा खाली आला. "मी चुकीच्या दारानं बाहेर पडले रे. गर्दी तिकडे चालली होती, मीपण गेले. वर आल्यावर कळलं. थोडी घाबरले. मग म्हटलं, फोन चालू आहे की." ती चहा पीत असावी, कारण मध्येच थांबली. "पुढच्या वेळी गर्दीच्या मागून जायचं नाही. आधी वरची पाटी बघायची."

सिग्नल हिरवा झाला तरी गाडी हलली नाही, मागच्यानं हॉर्न दिला. मग त्यानं गिअर टाकला आणि म्हणाला, "हो मम्मी. पुढच्या वेळी पाटी बघ."

"बघीन. चला, ठेवा आता. उगाच बॅटरी संपेल."

मी काही म्हणायच्या आत भावानं माझ्या मांडीवरचा फोन उचलून आपल्या तोंडाजवळ धरला.

"संपू दे, मम्मी," तो म्हणाला. "तू बोलत राहा."